मान हलवणाऱ्या कंडक्टर काकांना

कंडक्टर काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. बिल्ला वाचायला सवड कुठे, दोन्ही डोळे पोरावर! गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला जाणारी गाडी, दर मंगळवारची बाई आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा, एवढ्यावर ओळखाल. तिकिटं दोघांचीही अर्धी. "दोन अर्धी मिळून एक फुल," म्हणत तुम्ही हसला होतात.

त्याआधी एका गाडीतून आम्हाला भर पावसात उतरवलं होतं. त्याने घंटीची दोरी तीनदा ओढली, हा गुन्हा. एका शाळेने गोड बोलून दाखला हातात ठेवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पोराला असं काढता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. नातेवाइकांचं औषध एकच, दोन फटके. शेजारीण म्हणाली, देवीला गाऱ्हाणं घाल. घातलं. फटकेही दिले मी, खोटं कशाला बोलू.

एडीएचडी आहे त्याला, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंगात अतिचंचलपणा. डॉक्टर म्हणाले, नियम त्याला कळतो, पण हात आधी पुढे जातो आणि नियम मागून आठवतो. म्हणून एका वेळी एकच सूचना, आणि जमलं की तिथल्या तिथे शाबासकी. मी ते वहीत उतरवून घेतलं, तुम्ही वही न बघता केलंत. त्याचा हात दोरीकडे गेला तेव्हा दोरीच हातात दिलीत. "एक ओढली की थांबते, डबल दिली की सुटते. पण मी मान हलवल्याशिवाय नाय हां." आणि प्रत्येक थांब्यावर "शाब्बास मास्तर!" जेवताना पाटावर पाच मिनिटं न टिकणारं माझं पोर नेवऱ्यापासून तुमच्या मानेवर नजर लावून उभं होतं.

मग आरे-वारेच्या वळणावर समुद्र दिसला आणि त्याने दोरी ओढली. गाडी थांबली. ड्रायव्हर करवादला, मागून कुणीतरी "आवरा त्याला" म्हणालं. मी माफी मागायला उठलेच होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चूक माझी हो. मीच मान आधी हलवली."

हलवली नव्हतीत. मला दिसलं होतं, त्यालाही.

घरात, लग्नात, शिमग्यात, काही सांडलं-फुटलं की नाव त्याचंच. मोठ्या माणसाने चूक अंगावर घेतलेली त्याने पहिल्यांदा पाहिली. बायकांच्या अर्ध्या तिकिटाचा जीआर निघतो, अशा माणुसकीचा कुठे निघतो? त्या रात्री ताकाचा पेला लवंडला. मी तोंड उघडणार तर हा तुमच्याच सुरात, "चूक माझी हो." आणि फडकं आणायला पळाला.

दिवाळीनंतर तुमची ड्यूटी बदलली. आता नवा कंडक्टर आला की हा आधी विचारतो, "मान तुम्ही हलवणार ना?"