उत्तर ठाऊक असूनही न सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या बालविभागात रविवारच्या सकाळी आपण माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या आप्पांना, ‘गोरोगोआ’ हा आयपॅडवरचा चित्रांच्या कोड्यांचा खेळ खेळायला बसवलेत, त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसलात आणि तो खेळ त्यांच्याच हातून पूर्ण होईपर्यंत एकदाही घाई केली नाहीत, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. समोरासमोर बोलू लागले की आपण “त्यात काय एवढं?” म्हणून विषय बदलता, म्हणून हे जाहीरपणे लिहायचे ठरवले. शिवाय ज्यांच्या घरी निवृत्तीनंतर अबोल झालेली माणसे आहेत, त्यांच्यापर्यंत ही हकीकत पोहोचावी अशीही माझी इच्छा आहे.

आप्पा चित्रकलेचे शिक्षक होते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव करून घेत त्यांनी मुलांच्या किती तुकड्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवल्या, याचा हिशेब त्यांच्याजवळही नसेल. हाताला कंप सुरू झाला आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. रेघ मनासारखी येत नाही, हे त्यांना इतके लागले की पुढे त्यांनी चित्रे पाहणेही सोडून दिले. माझ्या मुलीला आणायला ते वाचनालयात येत आणि दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहत. आपण त्यांना “या, तुम्हीही खेळा” असे म्हटले असते, तर ते नक्की उठले नसते. आपण म्हणालात, “सर, या चित्रातलं यथार्थदर्शन मुलांना समजत नाहीये, जरा बघता का?” यथार्थदर्शन म्हणजे जवळचे-लांबचे कागदावर खरे भासेल असे दाखवण्याची रीत; ती तर त्यांच्या शिकवण्याचाच विषय. मदत देऊ करण्याऐवजी आपण त्यांच्याकडे मदत मागितलीत, आणि ती मागताना त्यांना ‘काका’ न म्हणता ‘सर’ म्हणालात. त्यांनी चष्मा पुसला आणि ते आत आले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. पडद्यावर दोन वर आणि दोन खाली अशा चार चौकटी असतात आणि त्यांत हाताने काढलेली चित्रे असतात. कोणत्याही चित्रात शिरता येते, त्यातून बाहेर येता येते आणि एक चौकट उचलून दुसऱ्या जागी नेता येते. सुरुवातीला एकच चित्र असते: खिडकी, पलीकडे शहर आणि त्या शहरातून जाणारा एक प्रचंड, रंगीबेरंगी प्राणी. तो पाहून एक मुलगा पाच रंगांची पाच फळे आपल्या वाडग्यात गोळा करायला निघतो, आणि ती फळे त्याला मिळवून देणे हे खेळणाऱ्याचे काम. चित्र ओढले की खिडकीची चौकट सुटून वेगळी होते आणि मागचे शहर जागच्या जागी राहते. दोन चित्रांच्या कडा जुळल्या की एकातला रस्ता दुसऱ्यात जातो आणि मुलगा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात चालत जातो. वरच्या चौकटीतल्या फांदीवरचे सफरचंद खालच्या चौकटीतल्या वाडग्यात पडते. संपूर्ण कथेत संवादाचा एकही शब्द नाही. वेळेचे बंधन नाही, गुण नाहीत, हरणे नाही. सरावाच्या माणसाला दोनेक तासांत संपेल इतकी ही गोष्ट छोटी आहे.

आप्पांच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट सोयीची निघाली. आपल्या आयपॅडवर चौकट बोटाने ओढून जागेच्या आसपास नेली की ती आपोआप नीट बसते, त्यामुळे बोट थरथरले तरी काही बिघडत नाही. इंग्रजी वाचायचे नाही, बटणे लक्षात ठेवायची नाहीत. लागते ती फक्त चित्र बारकाईने पाहण्याची सवय, आणि ती तर त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना लावली होती.

असे असूनही आपण शेजारी नसतात, तर ते दुसऱ्या कोड्यालाच उठून गेले असते, याची मला खात्री आहे. आपण त्यांच्याशी कसे बोललात ते मी मागच्या खुर्चीवरून पाहिले आहे आणि मला त्याविषयीच अधिक लिहायचे आहे. आप्पा अडले की आपण “इथे दाबा” असे कधी म्हणाला नाहीत. “सर, या चौकटीत काय काय दिसतंय? लांबचं आधी सांगा, मग जवळचं,” असे विचारत होतात. आप्पा सांगू लागत: मागे आभाळ, मग घरांची छपरे, मग भिंत, भिंतीवर तसबीर, तसबिरीत फांदी. “आणि शेजारच्या चौकटीत?” पुन्हा तसेच. सांगता सांगता त्यांचा आवाज मध्येच थांबे आणि बोट पुढे जाई. ते थांबणे आपल्याला कळत होते, कारण त्या क्षणी आपणही गप्प होत होतात.

कंदिलाचा प्रसंग तर माझ्या कायम लक्षात राहील. ज्यांना हा खेळ खेळायचा आहे त्यांची क्षमा मागून एवढी एकच गाठ उकलून सांगते. एका चौकटीत विझलेला कंदील आहे. दुसऱ्या चौकटीत रात्रीचे आकाश आहे आणि त्यात एक तारा. आप्पांनी कंदिलावर बोट टेकवून पाहिले, इकडे तिकडे हलवून पाहिले, काही घडेना. जवळ उभ्या असलेल्या एका मुलाला उत्तर माहीत होते. तो तोंड उघडणार इतक्यात आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि आप्पांना विचारलेत, “सर, कंदिलात काय नाहीये?” आप्पा म्हणाले, “ज्योत.” मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. आप्पांनी आकाशाच्या चित्रात शिरून तारा जवळ आणला, कंदिलाची चौकट उचलून त्यावर ठेवली, आणि तो ताराच कंदिलातली ज्योत झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा मान न वळवता एवढेच म्हणाले, “अंतर काढून टाकलंय यानं. जवळचं आणि लांबचं एकाच पातळीवर आणलंय.” हे वाक्य ऐकताना मला मी त्यांच्या वर्गात बसलेली असल्यासारखे वाटले.

ही चित्रे काढली कोणी, असे त्यांनी लगेच विचारले, आणि आपण त्याचेही उत्तर तयार ठेवले होते. अमेरिकेतील जेसन रॉबर्ट्स हे आधी सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करत होते. कल्पना, कोड्यांची रचना, चित्रे हे सारे मुख्यतः त्यांच्या एकट्याच्या हातचे. खेळाचा नमुना 2012 मध्ये लोकांसमोर आला आणि पूर्ण खेळ ‘अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह’ या कंपनीने प्रकाशित केला तो 14 डिसेंबर 2017 रोजी. संगीत जोएल कोरेलिट्झ यांचे. 2018 मध्ये पदार्पणातील कामगिरीसाठी त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला. पुरस्काराचे ऐकून आप्पांनी नुसती मान हलवली. नमुन्यापासून प्रकाशनापर्यंतची पाच वर्षे मात्र त्यांनी आपल्याला पुन्हा विचारून घेतली. पेन्सिलीच्या बारीक रेघांचे शेडिंग दाखवत ते मुलांना म्हणाले, “पाच वर्षं. बघा, एकही भिंत उरकलेली नाही.” चित्र उरकणे हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा दोष, हे त्यांचे सगळे विद्यार्थी जाणतात.

बालविभागातल्या अभिप्रायांच्या वहीचाही मला उल्लेख केला पाहिजे. पुस्तक परत करताना मुलांनी दोन ओळी लिहाव्यात, तशाच दोन ओळी खेळ संपवणाऱ्यानेही लिहाव्यात, हा नियम आपला. मुलांच्या दोन ओळींना कधी कधी दोन पाने लागतात, हे वेगळे. ती वही मी आपल्या परवानगीने वाचली आणि इतक्या छोट्या खेळातून माणसांनी काय काय घेतले हे पाहून थक्क झाले. एका मुलीने लिहिले आहे की तो प्राणी देव आहे की राक्षस, हे शेवटपर्यंत कळले नाही, म्हणून ती पुन्हा खेळणार आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलाने स्पष्टपणे लिहिले आहे की दोन तासांत संपणाऱ्या या खेळाची किंमत त्याला जास्त वाटते. आपण तो अभिप्राय खोडला नाहीत, त्याखाली उत्तरही लिहिले नाहीत, हे मला फार आवडले. नातवाला न्यायला येणाऱ्या एका आजींनी लिहिले आहे की मुलगा, फळे, प्राणी हे ठीकच, पण त्यांचे लक्ष सारखे त्या म्हाताऱ्याकडे जात होते.

आजींनी गाभ्यालाच हात घातला आहे, असे माझे मत आहे. या खेळात तोच मुलगा पुढे वेगवेगळ्या वयांत दिसतो. कुठे पुस्तकांच्या गराड्यात अभ्यास करणारा, कुठे उद्ध्वस्त झालेल्या शहरातला जखमी तरुण, कुठे यात्रेकरू, कुठे वृद्ध. शहर पडते आणि पुन्हा उभे राहते. या काळांमध्ये कोणतीही पाटी नाही, तारीख नाही. एका चौकटीतले बालपण आणि शेजारच्या चौकटीतले म्हातारपण यांच्या कडा जुळवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. माझ्या मुलीने हा खेळ आप्पांच्या आधी संपवला होता आणि तिला ती फळे गोळा करण्याची गंमत वाटली होती. आप्पांना ते एका माणसाचे चरित्र वाटले. घरी येताना दोघांचा यावरून वाद झाला, आणि आजोबा-नातीने इतक्या हिरिरीने वाद घातल्याला बरेच दिवस झाले होते.

मला स्वतःला या खेळात एक उणीव जाणवते आणि ती लिहिणे योग्य होईल. उत्तरार्धात काही ठिकाणी पाहण्यापेक्षा जुळवाजुळव जास्त होते. चौकटी ठरावीक क्रमाने आणि नेमक्या वेळी हलवाव्या लागतात, आणि तिथे चित्राचा आनंद मागे पडून नुसती खटपट उरते. आप्पा तिथे दमले. आपण तेव्हा “आजचं इथेच थांबवू या, सर” म्हणून आयपॅड बंद केलात आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरू केलेत. शेवटाविषयी इथे काही लिहीत नाही. तो थोडा धूसर आहे, आणि तसा असणे मला पटते. तो ज्याने त्याने आपल्या वयाच्या जागेवरून पाहावा.

आपण हे काम कोणत्याही मानधनाशिवाय, स्वतःचे उपकरण वापरून आणि स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी करता. छोटे, शांत, गोष्टीसारखे खेळ शोधायचे, ते आधी स्वतः खेळून पाहायचे, मुलांना कोणता झेपेल ते ठरवायचे आणि पुस्तकाइतक्याच गांभीर्याने त्यावर बोलते करायचे, यामागे किती वेळ जात असेल याची मला कल्पना आहे. उत्तर ठाऊक असताना ते पोटात ठेवून समोरच्याला विचार करू देणे तर त्याहून अवघड. शिक्षकाच्या घरात वाढल्यामुळे ते किती अवघड आहे हे मी जवळून पाहिले आहे, आणि आप्पांनी तर ते पहिल्याच दिवशी ओळखले. त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, “त्या बाईंना शिकवता येतं.” त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी आजवर ऐकलेली नाही.

आता एक विनंती. ती आप्पांच्या वतीने आहे, कारण ते स्वतः विचारायला संकोचतात. या खेळातली काही चित्रे समोर ठेवून मुलांना यथार्थदर्शनाचे धडे द्यावेत, असे त्यांच्या मनात आले आहे. रेघा मुले काढतील, ते शेजारी बसून सांगतील. त्यांनी पाच-सहा पाठांचे टाचण मला सांगून लिहून घेतले आहे आणि क्षितिजरेषेपासून सुरुवात करायची असे ठरवले आहे. आपली आणि कार्यवाहांची हरकत नसेल, तर खेळाची वेळ संपल्यावरचा अर्धा तास त्यांना द्यावा. कागद, पेन्सिली आणि खोडरबर आम्ही घेऊन येऊ. टेबले मात्र वाचनालयाची लागतील. आपला होकार कळवावा, म्हणजे येत्या रविवारी त्यांना थोडे लवकर घेऊन येईन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली नम्र,
बालविभागातील एका वाचक मुलीची आई