चार्जर गेलेला नाही, 80 मीच लावलंय

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, काल तुम्ही म्हणालात लॅपटॉपचा चार्जर गेला, बॅटरी 80 टक्क्यांच्या वर जातच नाही, राजारामपुरीत जाऊन नवीन घेऊन येतो. अजिबात आणू नका. दुकानात जायचंच असेल तर तो एक्स्टेन्शन बोर्ड बदलून आणा, तो खरंच गेलाय. 80 चं मी दिवाळीत आले होते तेव्हाच करून ठेवलंय, सांगितलं पण होतं, पण तुमचं सगळं लक्ष मॅचमध्ये. आणि फोनवर समजवायला घेतलं की आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि विषय तिथंच राहतो, म्हणून लिहूनच पाठवतेय.

कसंय, तुमचा तो नावाला लॅपटॉप, टेबलावरनं हलत नाही आणि चार्जर चोवीस तास लावलेला. लिथियमच्या बॅटरीला नेमकं तेच सोसत नाही. फुल भरली की एकेका सेलचं व्होल्टेज 4.2 च्या आसपास जातं आणि तसंच महिनोन्‌महिने राहिलं की आतलं रसायन हळूहळू खराब होत जातं, गरम जागी तर आणखी लवकर. स्कूटरच्या ट्यूबमध्ये कडक हवा मारून गाडी मे महिन्यात दिवसभर उन्हात लावल्यासारखंच आहे ते. माझ्या ऑफिसात एकाची बॅटरी फुगून टचपॅडच वर आला होता.

म्हणून लिनक्समध्ये, म्हणजे तुमचा लॅपटॉप ज्या सिस्टिमवर चालतो तिच्यात, टीएलपी नावाचा प्रोग्रॅम टाकून सांगून ठेवलंय की बॅटरी 75 च्या खाली गेली तरच चार्जिंग सुरू कर आणि 80 झाली की थांब. त्यामुळं 77 वर असताना तुम्ही पिन लावली, काढली, फुंकर मारून परत लावली तरी ती चार्ज होणार नाही, स्क्रीनवर पण चार्जिंग होत नाही असंच दिसणार, घाबरायचं नाही. तेव्हा लॅपटॉप थेट लाईटवर चालत असतो आणि बॅटरीला आराम. थिंकपॅड असल्यामुळं हे आकडे मशीनच्या आतच राहतात, बंद करून चार्जिंगला लावला तरी 80 लाच थांबेल. सगळ्या लॅपटॉपना ही सोय नसते, म्हणून शेजारच्या काकांना लगेच "माझी पोरगी करून देते" म्हणून शब्द देऊ नका, आधी मॉडेल विचारा.

आता लाईट गेल्यावर बॅकअप थोडा कमी मिळणार हे खरंय. एरवी तासाभरात लाईट येते, त्याचं काही नाही. पण पावसाळ्याचं वेगळं. 2019 च्या पुरात आपल्या गल्लीत लाईट गेली ती किती दिवस आलीच नव्हती, आठवतंय ना. त्यासाठी डेस्कटॉपवर 'फुल चार्ज' नावाचं बटण करून ठेवलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीकडं, म्हणजे 39 फुटांकडं सरकायला लागलं की ते दाबायचं, 43 ची धोका पातळी येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. चार्जर लावूनच दाबायचं, नाहीतर ते ऐकत नाही. पासवर्ड मागेल, नेहमीचाच आहे. मग 100 पर्यंत भरेल, आणि नंतर कधीतरी लॅपटॉप बंद करून चालू केला की आपोआप परत 80 वर. गावाला जाताना पण हेच करायचं.

याच्यानं बॅटरी अमर होणार नाही बरं का, जुनी होतच राहणार, फक्त जरा सावकाश. आणि आई, आता तुझं. तू लॅपटॉप गोधडीवर ठेवून भजनं लावतेस ना, त्यानं खालची हवा यायची जागा बंद होते आणि तो तापतो, मग मी 80 लावून तरी काय उपयोग. पाट घे खाली. आणि भिशीची फाईल मला पाठव, मे महिन्याचा एक हप्ता त्यात दोनदा पडलाय असं वाटतंय.

तुमची,
मनू