मंत्रिमहोदय, ट्रॉमा सेंटरच्या इमारतीआधी रात्रपाळी द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सिंहस्थ जवळ आला की नाशिकवर घोषणांचा पाऊस पडतो आणि त्यात ट्रॉमा केअर सेंटर, म्हणजे अपघातातल्या जखमींचं खास रुग्णालय, हमखास असतं. मी या शहरात सर्जन आहे. अशी बातमी वाचली की मला एवढंच विचारावंसं वाटतं: तिथे रात्री दोन वाजता कोण असेल?

फक्त यकृताच्या जखमेचं उदाहरण देतो. दुचाकीचं हँडल उजव्या बरगड्यांखाली रुततं, ट्रॅक्टर उलटतो, येवल्यात संक्रांतीला पतंगाच्या नादात कोणी गच्चीवरून पडतं. अशा मारात यकृत आणि प्लीहा हे अवयव सर्वांत आधी सापडतात. यकृत दीड किलोचं, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाव हिस्सा त्यातून वाहतो. बाहेर खरचटलेलंही दिसत नाही आणि आत पोट रक्ताने भरत असतं. नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, आत्तापर्यंत चांगला बोलत होता हो."

पूर्वी पोटात रक्त दिसलं की पोट उघडायचं, हा नियम होता. आता नाडी आणि बीपी स्थिर असेल तर मुक्या माराने फाटलेलं यकृत बहुसंख्य पेशंटमध्ये टाका न घालता भरून येतं. ऑपरेशन टळलं म्हणजे खर्च वाचला, असं मंत्रालयात वाटत असेल. तसं होत नाही. या पेशंटला कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन लागतो, आयसीयूत खाट लागते, तासातासाला नाडी बघणारी आणि पोट कडक होतंय हे हाताला ओळखणारी सिस्टर लागते. पहाटे बीपी कोसळलंच तर थिएटर लगेच उघडून भूल देणारा माणूस हवा. यातलं एक जरी नसेल तर न कापता थांबणं हा जुगार होतो. म्हणून काही सर्जन, परिस्थिती ओळखून, गरज नसतानाही पोट उघडतात. मी त्यांना दोष देणार नाही. एका सिस्टरकडे रात्री किती खाटा असतात, हे आपण कधी न कळवता येऊन मोजावं.

रक्ताचं दुखणं याहून जुनं. पेशंटचं रक्त पिशवीतल्या रक्ताशी जुळवून बघायला (क्रॉसमॅचला) पाऊण तास जातो, गोठवलेला प्लाझ्मा वितळायला अर्धा तास. नुसत्या लाल पेशी देऊन भागत नाही, प्लाझ्मा आणि प्लेटलेटही बरोबरीने जावे लागतात. आणि नेमकं तेव्हाच रक्तपेढीवाले 'रिप्लेसमेंट डोनर आणा', म्हणजे पिशवीच्या बदल्यात रक्तदाता आणा, म्हणतात. कसारा घाटात ट्रक उलटलेल्या परप्रांतीय ड्रायव्हरने नाशकात डोनर कुठून आणायचा? ओ गटाच्या काही पिशव्या कॅज्युअल्टीशेजारीच ठेवता येतील, एवढी परवानगी आणि तेवढा फ्रिज द्या.

तालुक्याला तर फार काही मागत नाही. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं इंजेक्शन स्वस्त आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या क्रॅश-२ या अभ्यासात चाळीस देशांतले वीस हजारांहून अधिक जखमी होते, भारतातलेही होते. मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, उशिरा दिलं तर अपाय होऊ शकतो. १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. त्याने ते जागेवर द्यावं आणि वेळ चिठ्ठीवर लिहावी. सलाइनचा मारा करू नये. रक्त पातळ होतं, अंग गार पडतं आणि गार अंगात रक्त नीट गोठत नाही.

निफाड किंवा कळवणच्या सर्जनने यकृताचा तुकडा काढावा, अशी कुणाची अपेक्षा नाही. यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटीत धरून रक्तस्राव आवरायची युक्ती ग्लासगोच्या प्रिंगल यांनी १९०८ मध्ये लिहून ठेवली. तिला यंत्र लागत नाही. मग यकृताच्या वर-खाली मॉप (कापडी घड्या) दाबून बसवायचे, पोट तात्पुरतं झाकायचं आणि पेशंट नाशिकला पाठवायचा. मॉप एक ते तीन दिवसांनी आम्ही काढू. (किती ठेवले ते चिठ्ठीवर ठळक लिहा, ही हात जोडून विनंती.) हे शिकवायला आरोग्य विद्यापीठ म्हसरूळलाच आहे. तरीही 'रेफर' लिहिलं जातं, कारण पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर दगावला तर बाहेरचा जमाव काय करील याची धास्ती असते. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण तो रात्री दारात उभा राहत नाही.

केंद्राच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत अपघातग्रस्ताला दीड लाखापर्यंत, सात दिवस उपचार मिळतात. चांगली योजना आहे. मात्र यकृतातून पित्त झिरपणं किंवा आत गळू होणं पुष्कळदा दुसऱ्या आठवड्यात उघड होतं. आठव्या दिवशी त्या पेशंटची फाइल राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आपोआप जावी. नातेवाइकाला रेशनकार्ड शोधत गावाकडे पळावं लागू नये.

सिंहस्थाच्या निधीतून रात्रपाळीची पदं भरावीत आणि कुंभ संपला म्हणून ती रद्द करू नयेत. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून इगतपुरीपुढे आमणेपर्यंत खुला झाला आहे. त्यावरचे जखमी बारा वर्षांनी एकदा येत नाहीत. आयसीयूतल्या सिस्टरांची रिकामी पदं कोणत्या तारखेपर्यंत भरणार, तेवढं जाहीर करावं.

आपला,
नाशिकचा एक सर्जन