व्हॅन वेशीबाहेर ठेव, मग कोल्हापूर बघ

कोल्हापूर,
२० ऑक्टोबर

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुझी राहायची-झोपायची सोय असलेली व्हॅन घेऊन येतोयस हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंयस, "थेट अंबाबाईच्या देवळापर्यंत गाडी येईल का?" नको आणूस. महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी, ताराबाई रोड हा सगळा जुन्या पेठांचा भाग आहे. सहा मीटर लांबीची गाडी तिथं वळत नाही. वळवायला गेलास तर मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडं आलेला भाग, कुणाच्या तरी पायरीला नाहीतर हातगाडीला लागतो. एकदा अडकलास की मागं रिक्षांची रांग आणि पुढं भाविकांचा लोंढा, त्यातून रिव्हर्स घेणं अशक्य. बिंदू चौकातलं पार्किंग मोटारींसाठी ठीक आहे. दसरा चौकाच्या मैदानावर यात्रेकरूंच्या बस लागतात, तिथं दिवसा दोन-तीन तास उभं राहता येईल. मुक्कामाला मात्र ती जागा नाही.

पुण्याहून येताना किणी टोलनाका गेला की शिरोली, मग पंचगंगेचा पूल आणि लगेच तावडे हॉटेलचा फाटा. तिथून आत वळलास की कावळा नाका, म्हणजेच ताराराणी चौक. महामार्ग सहापदरी करण्याच्या कामामुळं ठिकठिकाणी वळणरस्ते आहेत आणि रात्री त्यांचे फलक दिसत नाहीत, म्हणून उजेड असतानाच पोच. शिवाय आता गळीत हंगाम सुरू होतोय. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसच्या वर जात नाही आणि बहुतेक ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्ही बाजूंना आलेला असतो, तो हेडलाइटच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसतो. बैलगाड्यांचंही तेच. अंधार पडल्यावर गावातल्या रस्त्यांवर गाडी हाकूच नकोस.

शहरात एक जागा आधीच लक्षात ठेव: परीख पूल. मध्यवर्ती बसस्थानकाकडून राजारामपुरीकडं जाताना रेल्वेखालून जाणारा हा बोगदा बुटका आणि अरुंद आहे. फोनवरचा नकाशा तुला बिनदिक्कत तिकडं पाठवेल, कारण त्याला तुझ्या गाडीची उंची माहीत नाही. अवकाळी पाऊस झाला तर तिथं पाणीही साचतं.

मुक्कामासाठी माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे शहराच्या कडेच्या मंगल कार्यालयाचं आवार. फरशी सपाट, गेट, वॉचमन, नळ, शौचालय, सगळं मिळतं. मॅनेजरला आदल्या दिवशी भेटून पैसे ठरवायचे. पण तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि ही आवारं भरतात. म्हणून तारखा आत्ताच कळव, मी दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवतो. पेट्रोल पंपावर रात्रभर ट्रक चालू राहतात, झोप लागत नाही. रंकाळ्याच्या काठी संध्याकाळी उभं राहायला छान वाटतं, पण ते फिरणाऱ्यांचं ठिकाण आहे, तिथं रात्र काढू नकोस.

आता बॅटरी. तुझी १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम आहे. फ्रिज चोवीस तासांत साधारण ४० एएच खातो, पंखा आठ तासांत १५-१६, दिवे आणि फोन मिळून ८-१०. म्हणजे रोज ६५ च्या आसपास. छतावरची २०० वॅटची सौर पॅनेल उघड्या उन्हात दिवसाला ५० एएच भरतात, पण कार्यालयाच्या आवारात तू सावली बघून गाडी लावशील आणि ते १५-२० वर येईल. दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो तो यामुळं. लोक मात्र बॅटरी खराब झाली असं समजतात. उपाय सोपा आहे: गाडीचं तोंड असं ठेव की सकाळी दहा ते दोन पॅनेलवर सावली येणार नाही आणि एक दिवस पन्हाळ्याला जा. जाऊन-येऊन दीड-दोन तास इंजिन चाललं की तुझा ३० अँपिअरचा चार्जर ४५-६० एएच भरून देतो.

पन्हाळा वीसेक किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्यानं जायचं, केर्लीला जोतिबाचा फाटा सुटतो आणि वाघबीळला पन्हाळ्याचा. एसटी रोज चढते, तेव्हा रस्त्याची काळजी नको. वजनाची कर. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो मागच्या आसावर येतात. चढताना पाणी अर्धंच ठेव. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, बहुतेक दुसरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर लायनर तापतात, करपल्याचा वास येतो आणि पेडल दाबूनही गाडी धरत नाही. तसं झालं तर बाजूला थांबून निवू दे, चाकावर पाणी ओतू नकोस, ड्रमला तडा जातो. वर अंबारखान्याशी जरा रेंगाळ. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत आणि एवढ्या जाड भिंतींत वर्षानुवर्षं धान्य कोरडं कसं राहत असेल हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा महाराजांनी याच गडावरून सोसला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले त्यात पन्हाळा आहे, त्यामुळं शनिवार-रविवारी गर्दी असते. मधल्या वारी जा. जोतिबालाही रविवार टाळ.

तू ९ नोव्हेंबरच्या आत पोचलास तर अंबाबाईचा किरणोत्सव मिळेल. देवी पश्चिमाभिमुख आहे. ९, १० आणि ११ तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग किंवा धूळ असली, वाटेत एखादं बांधकाम आड आलं, तर किरणं मध्येच थांबतात, म्हणून एकाच दिवसावर भरवसा ठेवू नकोस. साडेपाचच्या सुमाराला घडतं, पण चारच्या आत आवारात हवास. मंगळवार-शुक्रवार असेल तर त्याहून आधी. रिक्षानं बिंदू चौकापर्यंत ये आणि पुढं पायी.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. समोर म्हैस पिळून फेसाळ दूध ग्लासात देतात. ते तिथंच प्यायचं. बाटलीत भरून व्हॅनमध्ये आणलंस तर कच्चं दूध काही तासांत नासतं. आणायचंच असेल तर आल्याआल्या उकळ.

तांबडा-पांढरा रस्सा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातच घे. प्लास्टिकच्या डब्याचं झाकण खड्ड्यात उघडलं तर तेल आणि मसाला गादीत मुरतो, आणि तो वास महिनाभर जात नाही. गूळ घ्यायचा तर गुऱ्हाळावर जा, हंगाम सुरू झालेलाच असेल. काहिलीतल्या रसात भेंडीच्या खोडाचा चीक घालून मळी काढतात, तो प्रकार उभं राहून बघण्यासारखा आहे. लख्ख पिवळ्या गुळाला भुलू नकोस, त्यात बहुतेकदा रंग उजळायला हायड्रोस पावडर घातलेली असते. तपकिरी घे. दहा किलोचा रवा (मोठी ढेप) नको, एक किलोची ढेप पुरे, आणि ती डब्यात ठेव. व्हॅनमध्ये तू स्वयंपाक केलास की वाफ धरते आणि उघडा गूळ पाझरायला लागतो, मागोमाग मुंग्या. कोल्हापुरी चपला घेतल्यास तर पुढच्या काचेखाली ठेवू नकोस, उन्हानं कातडं सुकून पट्टे तडकतात.

पाणी पिण्यासाठी वीस लिटरचे जार घे, टाकीतलं भांड्यांसाठी. सांडपाणी पंचगंगेच्या घाटाजवळ किंवा रंकाळ्यापाशी सोडू नकोस, अगदी कपभरही नाही. आमची नदी आधीच खूप सोसते आहे. ताटं कागदानं पुसून मग धुवायची, पाणी गाळून कार्यालयाच्या शौचालयात ओतायचं. व्हॅनमधल्या टॉयलेटच्या कॅसेटमध्ये, म्हणजे काढत्या टाकीत, फॉर्मलिनचं औषध असेल तर आधी विचारून घे, ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. एन्झाइमवालं आण.

आणि नंदू, मागून गाडी बसल्यासारखी दिसते असं तू लिहिलंयस, ते काम इथंच कर. तुझी पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही मागच्या आसाच्या मागं आहेत, त्यामुळं पाटे, म्हणजे आसावरच्या लोखंडी पानांच्या स्प्रिंगा, बसलेत. उद्यमनगरात पाट्याची पानं, बुश, यू-बोल्ट सगळं मिळतं आणि लेथवर हवा तो तुकडा करून देतात. या गावानं ऑइल इंजिनं घडवली आहेत, इथल्या कारागिराला भाग दाखवला की माप तोच काढतो. एक पान वाढवून घे, दोन नको. दोन घातलीस तर गाडी उंच होते पण प्रत्येक खड्डा कपाटांच्या बिजागऱ्यांना बसतो. पानं एकत्र धरणारा सेंटर बोल्ट नवा टाकायला सांग, जुना झिजून तुटला तर आस सरकतो. पाणी रिकामं करूनच गाडी द्यायची, नाहीतर जॅकवर तोल जातो. ५० किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घे.

आता माझं एक काम कर. छतावरचा पंखा आणि पॅनेल धरून गाडीची उंची टेपनं मोज, टायरमध्ये हवा पूर्ण भरून, आणि तो आकडा लांबीसकट मला कळव. त्यावरूनच मी कार्यालयाच्या गेटची कमान बघून येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अशोक