पटावर नाव आहे, मूल मात्र उंबऱ्याच्या आतच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या, तेव्हा पहिलीच्या मुलांना गुलाब देऊन त्यांचे स्वागत झाले. त्या दिवशीही आमच्या गल्लीतली बारा वर्षांची एक मुलगी दाराशी चटईवर पडून होती. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही, आणि जोडीला बौद्धिक अक्षमता. एका शाळेच्या पटावर तिचे नाव आहे, त्यामुळे सरकारी हिशेबात ती शाळाबाह्य नाही. नावापुढे 'गृहाधारित शिक्षण', म्हणजे विशेष शिक्षकाने घरी येऊन शिकवायचे, असा शेरा आहे. वर्षभरात विशेष शिक्षक घरी किती वेळा आले, हे तिच्या आईने मला एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवले. मी त्या शिक्षकांना दोष देत नाही. एकेकाकडे किती शाळा आणि किती गावे सोपवलेली असतात, हे मी जवळून पाहिले आहे.

मी स्वतः सव्वीस वर्षे बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत शिकवले. "असली मुलं शिकून काय करणार?" हा प्रश्न मी नातेवाइकांकडून ऐकला, कधी कधी शिकल्यासवरल्या अधिकाऱ्यांकडूनही ऐकला. त्याचे उत्तर द्यायचे तर चमच्यापासून सुरुवात करावी लागेल. ज्या मुलाची मूठ नीट वळत नाही, त्याच्या चमच्याच्या दांड्याला आम्ही सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तो जाड करायचो. आधी मुलाच्या हातावर आपला हात, मग फक्त मनगटाला आधार, मग कोपराला, आणि एके दिवशी हात काढून घ्यायचा. यात सहा महिने जातात, कधी वर्षही जाते. पण त्यानंतर ते मूल आयुष्यभर स्वतःच्या हाताने जेवते. लघवीला जायचे आहे हे खुणेने सांगणे, चित्राच्या कार्डावर बोट ठेवून हवे ते मागणे, शर्टाचे एक बटण लावणे, हाच आमचा अभ्यासक्रम. मूल दिवसभर एकाच अंगावर पडून राहिले तर गुडघ्याचे आणि खुब्याचे स्नायू आखडत जातात, पुढे त्याला खुर्चीत बसवणेही कठीण होते. म्हणून योग्य खुर्ची आणि रोजचा व्यायाम हेही शिक्षणच आहे. पंधरवड्यातून तासभर घरी येणाऱ्या माणसाला हे साधणार नाही. त्यासाठी शिक्षिका, फिजिओथेरपिस्ट आणि आया रोज एका छपराखाली हव्यात.

आयांचे मोल मला एका पाण्याच्या माठाने शिकवले. शाळेत नवीन आलेल्या एका मुलीला मी "पाणी कुठंय?" असे दहा वेळा विचारले. ती नुसती बघत राहिली. 'सूचना समजत नाही' असे मी तिच्या नोंदवहीत लिहिलेदेखील. तेवढ्यात आमच्या शाळेतल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आयाबाई सहज म्हणाल्या, "नीळ्ळु?" म्हणजे तेलुगूत पाणी. मुलीने मान वळवली ती थेट माठाकडे. त्या दिवशी मी नोंद खोडली. सोलापुरात कितीतरी गल्ल्यांत घरात तेलुगू बोलतात, कुठे कन्नड, कुठे उर्दू. इतर मुले दोन-तीन भाषा सहज उचलतात. ज्या मुलाच्या पदरी जेमतेम वीस शब्द आहेत, त्याला ते वीस शब्द घरच्याच भाषेतले मिळाले पाहिजेत. त्याची पारख आणि चाचणीही त्याच भाषेत व्हावी. अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतल्या मुलांनाही हेच लागू आहे.

सौम्य अपंगत्व असलेली मुले सर्वसाधारण शाळेतच शिकावीत, असे माझे ठाम मत आहे. अशी कितीतरी मुले मी स्वतः तिकडे पाठवली. पण ज्याला भरवावे लागते, ज्याचे लंगोट बदलावे लागतात, ज्याला आकडी येते, त्याला भरलेल्या वर्गात मागच्या बाकावर बसवणे म्हणजे सामावून घेणे नव्हे. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते पाचवीसाठी दर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. ते प्रत्यक्षात येईपर्यंत या मुलांना विशेष शाळेचाच आधार आहे.

आणखी एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी घरी शिकण्याची जी तरतूद आली, ती निवड आहे, सक्ती नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या ३१ व्या कलमाने लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. माझ्या गल्लीतल्या त्या मुलीच्या आईला हे विचारलेच गेले नाही. तिच्यापुढे कागद आला, तिने सही केली.

विचारले असते तरी तिने काय उत्तर दिले असते? ती विड्या वळते, नवरा यंत्रमागावर कामाला जातो. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. बारा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे, शाळा सुटेपर्यंत थांबायचे आणि परत यायचे, तर त्या दिवसाच्या विड्या गेल्या आणि वर रिक्षाचे भाडे. अशा घरांतली मुले प्रवेश घेऊन दोन महिन्यांत गळतात, हे मी वर्षानुवर्षे हजेरीपटावर पाहिले.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्याच १६ व्या कलमात दिव्यांग मुलांसाठी, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या सोबत्यासाठीही, वाहतुकीची सोय करण्याचे स्पष्ट म्हटले आहे. महापालिकेला स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावाच लागतो. माझी मागणी एवढीच की त्यातून आधी चाकाची खुर्ची चढेल अशी गाडी घ्यावी आणि तिच्यावर त्या भागातली भाषा बोलणारी एक आया नेमावी. सुरुवात विडी घरकुल आणि अक्कलकोट रोडपासून करावी, कारण कष्टकऱ्यांची घरे तिकडेच जास्त आहेत. मार्ग आखायला आम्ही निवृत्त शिक्षिका कधीही येऊन बसू. कोणत्या बोळात कोणते मूल आहे आणि गाडी कुठपर्यंत आत जाते, हे आम्हाला पाठ आहे.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका,
अशोक चौक परिसर, सोलापूर