सूचना : वेचणीच्या दिवसांतले साक्षरता वर्ग

सर्व स्वयंसेवक शिक्षकांना नमस्कार. कापसाची वेचणी सुरू झालीय, त्यामुळे सोमवारपासून वर्ग रात्री साडेआठला मारुतीच्या पारावर. बाया दिवसभर वाकून येतात, तासाभरापेक्षा जास्त बसवू नका. उल्लास या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीत वाचन, लेखन, संख्याज्ञान असे 50-50 गुणांचे तीन भाग असतात. आपले लोक हिशोबाला पक्के, अडतात ते लिहिण्यात. परवा एका मावशींनी वेचलेल्या कापसाचे किलो तोंडी जुळवले, तोलणाऱ्याची चूकही काढली. पण स्वतःचं नाव लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. म्हणून आधी नाव आणि सही, बाराखडी मग. ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी शनिवारपर्यंत द्या, त्यांच्यासोबत पुस्तकं पाठवायचीत. आणि हजेरीवर अंगठा घेणं बंद करा, निदान आपल्या वर्गात तरी!