सड्याला 'पडीक' म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणातल्या सड्यांना, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या, सपाट पठारांना, बातम्यांत 'पडीक कातळ' म्हटलेलं वारंवार वाचायला मिळतं. सातबाऱ्यावर याच जमिनीची नोंद बहुधा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीस अयोग्य, अशी असते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही उघड्या खडकाळ जमिनीचा एक वर्ग आहे. अशी जमीन कागदावर आधी निकामी ठरते आणि मग तिथे सुरुंग लावताना कुणालाच काही वाटत नाही. म्हणून हे पत्र.

मे महिन्यात सड्यावर उभं राहिलं की 'पडीक' हा शब्द पटतो, हे मान्य. काळा पडलेला कातळ, करपलेलं गवत, आणि चपलेतूनही भाजणारे तळपाय. पण हा कातळ मुळात पावसानेच घडवला आहे. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं, खडकातली सिलिका धुपून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. तोच आपला जांभा. पुढे वाशिष्ठी, काजळी, मुचकुंदी अशा सह्याद्रीतून धावत येणाऱ्या नद्यांनी हे पठार चिरत नेलं. म्हणून आज खाडीच्या दोन्ही अंगांना सपाट माथ्याचे सडे दिसतात.

जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेला पाऊस त्यात जिरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. सड्याच्या पायथ्याच्या कितीतरी वाड्यांच्या विहिरी याच पाण्यावर चालतात. वर चिरेखाण (बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायची खाण) खोल गेली की खालच्या विहिरीचं काय होईल, हा प्रश्न खाणीला परवानगी देण्याआधी विचारायला हवा.

आणि पावसाळ्यातला सडा! पहिल्या सरींनंतर कातळाच्या भेगांतून दिपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती कोकणपट्टीतल्या कातळांची खास. श्रावण-भाद्रपदात उथळ पाण्याच्या कडेने सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे पसरतात, त्यांच्यात पांढरे गेंद डोकावतात. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. या बोटभर मातीत नत्र फार कमी, म्हणून ती मुळांसारख्या तंतूंवर असलेल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते आणि ती तूट भरून काढते. इतक्या नाजूक फुलाची ही सोय पहिल्यांदा कळली, त्या दिवशी मी बराच वेळ त्या ओल्या कातळावर बसून होते.

सुटे दगड उगाच उलटू नयेत, हेही मी सड्यावरच शिकले. त्यांच्याखाली एक छोटी, पांढऱ्या पट्ट्यांची, जमिनीवर राहणारी पाल असते. विज्ञानाला तिची ओळख १९६३ साली झाली आणि तिचं घर म्हणजे दक्षिण कोकणातले हे सडे. माळटिटवी तर उघड्यावरच, खड्यांच्या रंगाची अंडी घालते. सपाटीकरण करणाऱ्या यंत्राला ती दिसणं शक्यच नाही.

माणसालाही हा कातळ कधी रिकामा वाटला नव्हता. कशेळीचा भलामोठा हत्ती, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं त्याची साक्ष देतात. त्यांतली काही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. कोकणात आज नसलेले गेंडा आणि पाणघोडाही या शिल्पांत कोरलेले आहेत. चित्र जपायचं आणि त्याच्या भोवतीचा सडा फोडायचा, हे मला पटत नाही.

बागा लावू नयेत किंवा घरासाठी चिरा काढू नये, असं माझं म्हणणं नाही. कोकणातली घरं जांभ्याचीच आहेत. पण महसुली नोंदीत सड्याला स्वतःचं नाव मिळावं. कोणत्याही प्रकल्पासाठी सड्याची पाहणी जून ते ऑक्टोबरमध्ये, जाणकार वनस्पती व प्राणी अभ्यासकांना सोबत घेऊन व्हावी. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीच्या अहवालात गवत आणि दगड याखेरीज फारसं काही येणार नाही. आणि आपल्या दैनिकाला एक विनंती: पुढच्या बातमीत 'पडीक कातळ' न लिहिता 'सडा' लिहावं.

आपली,
एक नियमित वाचक